साहेबाचे कट्टे

गेल्या डिसेंबरात ताई, भाऊजी, भाची आणि मी असे चौघं विजयदुर्गला गेलो होतो. शुक्रवारी दुपारी चारलाच ऑफिसातून सटकलो, रात्री कोल्हापुरात मुक्काम, आणि सकाळी घाट उतरून तळेऱ्यावरून आत वळलो. किल्ल्याचं वर्णन करत बसत नाही. तीन बाजूंनी समुद्र, तिहेरी तटबंदी, आंग्रे, धुळप.. हे सगळं तुम्हाला माहीत असतंच. नसेल तर जाऊन या. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी हा बोनस.

सांगायची गोष्ट वेगळीच आहे. किल्ल्यात फिरताना तिथलेच एक आजोबा भेटले. सत्तरी सहज ओलांडलेले, खांद्यावर पंचा. न विचारताच आमच्याबरोबर चालायला लागले आणि एकेक बुरूज दाखवायला लागले. शेवटी त्यांनी आम्हाला काही साधेसे चौथरे दाखवले. "हे सायबाचे कट्टे," म्हणाले. लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ ला या कट्ट्यांवर दुर्बीण लावून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यावर हेलियम वायूचा शोध लावला. म्हणजे अख्ख्या जगातला हेलियम आमच्या विजयदुर्गात सापडला!

मी खूश. ही गोष्ट मी आधीही ऐकली होती. दर ऑगस्टमध्ये पेपरात येते, व्हॉट्सॅपवर तर येतेच येते, आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा झालेला आहे. पण प्रत्यक्ष कट्ट्यावर बसून ऐकणं वेगळं. भाची तेव्हा सहावीत. तिच्यासमोर मामाने ज्ञान पाजळायची संधी सोडायची म्हणजे काय? परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत मी तिला फुगे, एमआरआय मशीन, सूर्याच्या पोटातलं फ्यूजन असं काय काय सांगत होतो. दोन-चार गोष्टी पदरच्याही घातल्या असतील. लॉकियर साहेब बैलगाडीतून दुर्बीण घेऊन आला वगैरे.

फेब्रुवारीत शाळेत विज्ञान दिनाची प्रोजेक्टं होती. तिने मोठ्ठा चार्ट केला, 'हेलियमचा जन्म कोकणात'. माझ्या मोबाइलमधले कट्ट्यांचे फोटो, खाली तारीख, लॉकियर साहेबाचं दाढीवालं चित्र. दुसरा नंबर आला. मामाला आइस्क्रीमची पार्टी द्यावी लागली.

आणि त्या आइस्क्रीमच्या टेबलावर, चमचा चाटता चाटता, तिने विचारलं,

"मामा, पण ऑगस्टमध्ये कोकणात पाऊस असतो ना? मग त्याला सूर्य दिसला कसा?"

आता मी काय सांगावं? "उघडीप असेल गं त्या दिवशी," असं मी सांगितलं. इतक्या सहज, की नंतर माझं मलाच आश्चर्य वाटलं. ऑफिसात ज्युनिअर पोरगा "टेस्ट केलं नाही, पण चालत असेल" म्हणाला, तर मी त्याची शाळा घेतो. इथे मी तेच केलं होतं, आणि तेसुद्धा अशा पोरीशी, जिला वाटतं की मामाला सगळं माहीत असतं.

तिचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. खरंच, दुसऱ्या देशातून बोटीने यायचं, काचेची नाजूक उपकरणं आणायची, आणि भर श्रावण-भाद्रपदात कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन उभं राहायचं? आपण ऑगस्टमध्ये साखरपुडाही मोकळ्या अंगणात ठेवत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकणाऱ्या एकाही मोठ्या माणसाला, म्हणजे मला, हा प्रश्न पडला नव्हता.

मग पुढच्या शनिवारी बसलो शोधायला. जुने संदर्भ शोधणं हल्ली फार सोपं झालंय, रॉयल सोसायटीचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे अंकही घरबसल्या वाचता येतात. दोन तासांत आमच्या गोष्टीचा पार चुराडा झाला.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं आहे. मोठं नामी ग्रहण होतं, गुंटूरसारख्या ठिकाणी पाच मिनिटांहून जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकलेला होता. सावलीचा पट्टा कोकणातूनच देशावर चढला, विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणम असा बंगालच्या उपसागरात उतरला. म्हणजे विजयदुर्गातूनही ते खग्रास असणार, ढगांनी परवानगी दिली असती तर. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला. जॉन हर्शेल, म्हणजे त्या प्रसिद्ध हर्शेल घराण्यातला नातू, जमखंडीला. तिकडे सयामचा राजा मोंगकुट, स्वतः गणित करणारा माणूस, परदेशी पाहुण्यांना घेऊन ग्रहण बघायला जंगलात गेला, तिथे मलेरिया घेऊन आला आणि १ ऑक्टोबरला त्यातच वारला. थायलंडमध्ये १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, तो यामुळे.

आणि आपला लॉकियर?

लॉकियर लंडनमध्ये होता. ग्रहण बघायला आलाच नाही! तेव्हा तो 'साहेब' वगैरेही नव्हता, युद्ध खात्यात कारकून होता. ऑफिस करायचं आणि उरलेल्या वेळात सूर्य बघायचा. (हे वाचून मला तो एकदम जवळचा वाटला.) त्याने एक चांगला स्पेक्ट्रोस्कोप बनवायला दिला होता आणि त्याची डिलिव्हरी लांबत गेली, लांबत गेली. डिलिव्हरी डेट हुकण्याची परंपरा आमच्या इंडस्ट्रीने सुरू केलेली नाही तर. उपकरण शेवटी ऑक्टोबरमध्ये हातात आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने लंडनमधूनच, ग्रहणबिहण काही नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला.

गंमत म्हणजे हीच युक्ती जान्सेनलाही सुचली होती. गुंटूरला ग्रहणात त्याने त्या ज्वाळांच्या रेषा इतक्या ठळक पाहिल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने त्या खरंच पाहिल्या. पण गुंटूरहून पॅरिसला पत्र जायला वेळ लागला. दोघांची बातमी पॅरिसच्या अकादमीत पोचली एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदकही काढलं. पण ते या युक्तीबद्दल, हेलियमबद्दल नव्हे. हेलियमचं नावही तोवर कुणाला पक्कं पटलेलं नव्हतं.

असो. तर निष्कर्ष काय, की आमच्या गोष्टीतला साहेब चुकीचा, तारीख चुकीची, जागा चुकीची, शोधही चुकीचा. बग नव्हे, अख्खं मोड्यूलच गंडलेलं.

आता पोरीला सांगायचं कसं?

खरं सांगतो, न सांगण्याचा विचार बराच वेळ केला. बक्षीस मिळालंय, पोरगी खूश आहे, आणि विजयदुर्गाला थोडं कौतुक मिळालं तर कुणाचं काय जातं? शिवाय तिला विज्ञानाची गोडी लागली ती या गोष्टीमुळेच. सफरचंद न्यूटनच्या डोक्यात पडलं नव्हतं हे आपण पहिलीतल्या मुलांना कुठे सांगत बसतो?

पण पावसाचा प्रश्न तिने विचारला होता आणि उत्तर मी ठोकून दिलं होतं, हे काही केल्या पचेना. चार्ट चुकला हे एक वेळ ठीक. पण बरोबर प्रश्न विचारल्यावर मोठ्या माणसाने थाप मारली, हे तिला कधीतरी कळणारच. आणि मग ती प्रश्न विचारणं बंद करील, किंवा मला विचारणं बंद करील. दोन्ही वाईटच.

रविवारी गेलो ताईकडे आणि सांगून टाकलं. लॉकियर इथे नव्हताच, वगैरे. भाचीचा चेहरा उतरला. "तूच सांगितलं होतंस ना?" म्हणाली. मी हो म्हटलं. "आणि पावसाचं?" ते मी उगाच ठोकून दिलं होतं म्हटलं. पाच मिनिटं बोललीच नाही. ताई स्वयंपाकघरातून माझ्याकडे 'काय गरज होती' अशा नजरेनं बघत होती.

मग भाची म्हणाली, "मग ते कट्टे कुणी बांधले?"

मंडळी, इथे मी दुसऱ्यांदा आउट झालो. मी दोन तास खपून गोष्ट खोटी आहे हे शोधलं होतं, आणि तिथेच थांबलो होतो. आपण आयटीवाले आणि एकूणच 'फॅक्ट चेक' करणारे लोक असेच असतो. 'हे खोटं आहे' म्हटलं की आपलं काम संपतं, वर थोडी छातीही फुगते. पण किल्ल्यात चौथरे आहेत. लोक त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. नुसत्या हवेतून असं नाव पडत नाही. मग साहेब कोण आणि कधीचा?

दोघं मिळून बसलो. लॉकियरचं चरित्र चाळताना दिसलं, की हा माणूस भारतात आला होता! एकदा १८७१ च्या डिसेंबरात, केरळात बेकलच्या किल्ल्यावर. आणि मग पुन्हा १८९८ मध्ये. जागेचं नाव रोमन अक्षरांत असं काही लिहिलेलं, की मी वाचलं 'विझियाड्रुग'. कुठलं तरी आंध्रातलं गाव असेल म्हणून मी पुढे सरकणार, तेवढ्यात भाचीने ते मोठ्याने दोनदा म्हटलं. "मामा, हे विजयदुर्गच आहे! त्यांना म्हणता आलं नाही."

म्हणून मला आधी सापडलं नव्हतं. मी आजच्या स्पेलिंगने शोधत होतो आणि साहेबाने आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहून ठेवलं होतं. स्ट्रिंग मॅच झालीच नाही. सर्च इंजिनला जे जमलं नाही ते अकरा वर्षांच्या कानाला जमलं.

तर खरी गोष्ट अशी. २२ जानेवारी १८९८, वार शनिवार. भर हिवाळा, निरभ्र आकाश. खग्रास ग्रहणाची सावली रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरली (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता) आणि तिरकी महाराष्ट्र ओलांडून बिहारकडे गेली. विजयदुर्गात तिची वाट बघत लॉकियर उभा होता. आता एकसष्ट वर्षांचा, आदल्याच वर्षी 'सर' किताब मिळालेला. म्हणजे साहेब, अगदी अधिकृत! 'मेलपोमीन' नावाची ब्रिटिश युद्धनौका दिमतीला. तिच्यावरच्या खलाशांना आणि अधिकाऱ्यांना त्याने कामं वाटून दिली होती. कुणी वेळ मोजायची, कुणी काचेच्या प्लेटा बदलायच्या, कुणी सूर्याभोवतीच्या प्रभेचं चित्र काढायचं. त्याच्या तालमी घेतल्या होत्या. कारण खग्रास स्थिती टिकणार होती जेमतेम दोन मिनिटं. आपल्याकडे रिलीजच्या रात्री असतं ना तसं. महिनाभर तयारी, दोन मिनिटं कारभार, आणि रोलबॅकची सोय नाही. चुकलं तर पुढचं ग्रहण, पुढचा देश.

दुर्बिणी आणि कॅमेरे जमिनीवर नुसते ठेवले तर हलतात, त्यांना पक्का पाया लागतो. कट्टे कशासाठी हे आता वेगळं सांगायला नको.

म्हणजे गावाच्या आठवणीत साहेब पक्का होता, ग्रहण पक्कं होतं, कट्टे पक्के होते. वर्ष मात्र तीस वर्षांनी सरकलं. का सरकलं असेल? माझा अंदाज सांगतो. लॉकियर म्हटलं की पुस्तकात 'हेलियम' येतं. हेलियम म्हटलं की '१८६८' येतं. १८६८ चं ग्रहण खरंच आपल्या डोक्यावरून गेलेलं. कुणीतरी, बहुधा अगदी चांगल्या हेतूने, दोन टोकं जोडली आणि गाठ घट्ट बसली. यात लबाडी कुणाचीच नाही. नाहीतरी आपल्यापर्यंत विज्ञान पोचतं ते असंच: एक माणूस, एक जागा, एक तारीख. 'अमुक साहेबाने तमुक दिवशी शोध लावला.' परीक्षेत एका मार्काला विचारता येईल इतपत.

आणि यात जे गळतं तेच तर खरं बघण्यासारखं असतं. मी भाचीला त्या रविवारी ताईच्या स्वयंपाकघरातच दाखवलं. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत पिवळी होते. (ताईची परवानगी काढून. तुम्हीही काढा.) ते पिवळं म्हणजे मिठातलं सोडियम. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरलेल्या रंगांच्या रेषा दाखवतं, जणू अंगठ्याचा ठसा. जुनी सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की रंग सुटे दिसतात, स्पेक्ट्रोस्कोप हा त्याचाच फार कडक शिस्तीचा मोठा भाऊ. सोडियमच्या दोन रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, अगदी खेटून. सूर्याच्या कडेवर पिवळी रेषा दिसली ती होती ५८७.६ च्या आसपास. फरक किती, तर दीड-दोन नॅनोमीटरचा! १८६८ च्या ग्रहणात कित्येकांना ती दिसली आणि बहुतेकांनी 'सोडियम असेल' म्हणून सोडून दिली. उघडीप असेल गं, तसं.

ही रेषा सोडियमशी जुळत नाही, हे लॉकियरने धरून ठेवलं. फ्रँकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञ मित्राबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनवर नाना प्रयोग करून पाहिले, ती रेषा काही निघेना. मग हे पृथ्वीवर नसलेलं काहीतरी आहे असं म्हणायचं धाडस झालं. १८७१ मध्ये लॉर्ड केल्विनने, तेव्हाच्या विल्यम थॉमसनने, एका मोठ्या भाषणात 'हेलियम' हे नाव उच्चारलं. पण खुद्द फ्रँकलंडला ते पुरतं पटलेलं नव्हतं. आणि का पटावं? हातात काही नाही, बाटलीत काही नाही, नुसती एक पिवळी रेषा. पुढे कितीतरी वर्षं हेलियम हा लॉकियरचा हट्टच होता, असं म्हणायला हरकत नाही. शेवटी १८९५ मध्ये लंडनमध्ये रॅम्से एका युरेनियमच्या खनिजातून निघणारा वायू तपासत होता. तो शोधत होता आरगॉन, आणि दिसली तीच रेषा. सत्तावीस वर्षांनी. लॉकियर तोवर साठीला आला होता.

आता सांगा, यात शोध लागल्याची तारीख कुठली लिहाल? १८६८? १८७१? १८९५? माझ्या मते कुठलीच नाही, किंवा सगळ्याच. भाचीला मात्र तीन वर्षांनी पुढे, म्हणजे १८९८ ला, विजयदुर्गात काय झालं असेल याचं जास्त आकर्षण वाटलं. "म्हणजे तो खरा आहे हे कळल्यावर त्याला भेटायला आला," म्हणाली. मी याहून बरं वाक्य लिहू शकत नाही, म्हणून तसंच्या तसं देतोय.

शोधता शोधता अजून एक गोष्ट हाती लागली, आणि ती कळल्यावर मला खरोखर चुटपुट लागली. त्याच ग्रहणासाठी पुण्याहूनही एक माणूस निघाला होता. कावसजी दादाभाई नायगामवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी १८८८ मध्ये इथे वेधशाळा उभी केली होती, वीस इंची आरशाच्या दुर्बिणीसकट. १८९८ मध्ये, पुण्यात प्लेग चालू असताना, ते आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच उतरले होते. नायगामवालांनी ग्रहणाचे वर्णपट टिपले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये छापला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळाच बंद झाली, उपकरणं कोडाईकॅनालला गेली.

मी सोलापूरच्या गाडीने जेऊर स्टेशनावरून किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. सीओईपीच्या चौकात सिग्नलला किती वेळा थांबलो असेन, त्याचा तर विषयच नको. हे नाव मला माहीत नव्हतं. आपल्या मातीतला अभिमान हवा म्हणून आपण लंडनला असलेल्या माणसाला ऑगस्टच्या पावसात विजयदुर्गात आणून उभं केलं. आणि जो खरोखर इथला होता, इथेच काम करून गेला, त्याच्या नावाचा फॉरवर्ड मला आजतागायत एकही आलेला नाही.

विदर्भात तळणीला त्याच दिवशी ॲनी माँडर नावाची बाई होती. लग्न झालं म्हणून ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी सोडावी लागलेली. स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने तिने सूर्याच्या प्रभेतला एक किरण इतका दूरवर टिपला, की तोवर तेवढा लांब कुणीच टिपला नव्हता. भाचीने हे वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलंय.

भाची शाळेत बाईंना सांगायला गेली की चार्ट चुकलाय. बाई म्हणाल्या, "अगं, बक्षीस देऊन झालं आता. राहू दे." त्यांचंही बरोबर, पन्नास चार्टांतून त्या तरी किती खोदणार? पण भाची घरी येऊन रडली. बक्षीस परत द्यायचं नव्हतं तिला. दुरुस्ती ऐकायला कुणी नाही, याचं वाईट वाटलं होतं. मग आम्ही चार्ट भिंतीवरून काढला, शीर्षकातल्या 'जन्म' वर कागद चिकटवला, तारीख बदलली, आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलं: 'आधी इथे चूक होती.' चूक खोडून नाहीशी केली नाही, दिसेल अशी ठेवली. आमच्या धंद्यातही कमिट लॉग पुसत नाहीत.

हाच लॉकियर १८६९ च्या नोव्हेंबरात 'नेचर' नावाचं साप्ताहिक काढून बसला आणि पुढची पन्नास वर्षं त्याने ते चालवलं. काढताना त्याच्या मनात दोन कामं होती. शास्त्रज्ञांना एकमेकांचं काम कळावं हे एक. आणि सामान्य लोकांपुढे विज्ञानातली मोठी कामं मांडावीत, हे दुसरं. पहिलं काम जोरात झालं. आज 'नेचर'मधला शोधनिबंध त्या विषयातल्या माणसालाही धापा टाकत वाचावा लागतो. दुसरं काम मग पेपर, शाळा, व्हॉट्सॅप, मामा लोक आणि किल्ल्यावरचे आजोबा यांच्या अंगावर पडलं. आम्ही आमच्या परीने करतो. पाऊस विसरतो.

मे महिन्यात पुन्हा विजयदुर्गला गेलो, भाचीच्या हट्टाने. आजोबा भेटले. तिने वही उघडून त्यांना सगळं सांगितलं: ऑगस्ट, पाऊस, लंडन, १८९८, जहाज, दोन मिनिटं. मला धाकधूक वाटत होती. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट एका शाळकरी पोरीने मोडीत काढली तर कुणालाही राग येईल. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"सायब इल्लो मां हय?"

"हो, आला होता," ती म्हणाली.

"मगे झाला तर!"

मग थोडा वेळ समुद्राकडे बघत बोटांवर काही मोजलं. "अठ्ठ्याण्णव म्हणजे आमचो पणजो असतलो तेव्हा," म्हणाले, आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला. १८६८ त्यांच्यासाठी पुस्तकातलं साल होतं. १८९८ त्यांच्या घरातलं निघालं. पणजोबांनी ते ग्रहण पाहिलं असेल का, घरात दार लावून बसले असतील का, साहेबाचं सामान वाहिलं असेल का, असं बराच वेळ चाललं होतं. यातलं काहीच सांगता येणार नाही. पण प्रश्न तरी आता बरोबर माणसाबद्दल होते.

आम्ही निघालो तेव्हा मुंबईचं एक कुटुंब आत शिरत होतं. आजोबा पंचा सावरत त्यांच्याबरोबर निघाले. मागून ऐकू आलं, "अठराशे अठ्ठ्याण्णव साली हय लॉकियर सायब आला.." भाचीने माझा हात दाबला. "..आणि त्यानं हयच हेलियम शोधला!"

मी हसत सुटलो. भाची हात सोडवून परत पळाली.

"आजोबा, शोधला नव्हता! शोधून झाला होता. इथे बघायला आला होता!"

आजोबा थांबले, पाहुण्यांकडे वळले आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या पोरीक विचारा. तिका सगळा म्हायत आसा."

मग पाऊण तास आम्ही तिथेच होतो.